‘ह्याच्यापुढं काय?’

दहावीचा निकाल लागला की रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो. आयटीआयला घातला तर ह्याच्यापुढं काय? अकरावी कॉमर्स केलं तर ह्याच्यापुढं काय? विचारणारे वडील कंपनीत ठेकेदाराकडे कामाला असतील, आई भातशेती आणि चार शेळ्या सांभाळत असेल, पण प्रश्न अगदी नेमका असतो. मुलाने घेतलेला कागद त्याला कामावर लावील का, आणि पुढेमागे शिकावेसे वाटले तर तोच कागद आडवा येईल का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

शिक्षणाच्या अहवालांत या प्रश्नाची वेगळीच व्याख्या होते. मुले व्यवसाय शिक्षणाकडे वळत नाहीत, कारण आपल्या समाजाला हातकामाचा तिटकारा आहे, असे त्यांत वर्षानुवर्षे लिहिलेले आढळते. देशाच्या इतर भागांचे मला ठाऊक नाही. या दोन तालुक्यांना मात्र हे म्हणणे लागू पडत नाही.

इथला इतिहासच हातकामाचा आहे. बोरघाट फोडून १८६३ साली रेल्वे वर गेली, तेव्हापासून कर्जत हे इंजिनांचे गाव झाले. पुण्याकडे निघालेल्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून जोर देणारी जादा इंजिने इथेच जोडली जातात. नेरळहून माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या दुरुस्तीचे काम नेरळला आले. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीज निर्माण केली. ती मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातच भिवपुरीला दुसरे वीजकेंद्र उभे राहिले. पुढे १९६० नंतर रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, मग पाताळगंगेची औद्योगिक वसाहत, खोपोलीच्या आसपास पोलादाचे आणि पाइपांचे कारखाने. भाताच्या ‘कर्जत’ नावाच्या जाती कोकणभर पेरल्या जातात, त्याही इथल्याच संशोधन केंद्रातल्या. (१९४२ च्या लढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने वीजवाहिन्यांचे लोखंडी मनोरे पाडले, तेही याच टापूत. मनोरा कुठे कापला की तो आपल्या वजनाने आडवा होतो, हे कळायलाही लोखंडाची जाण लागते.)

अशा ठिकाणी हात काळे करण्याची लाज कोणाला वाटेल? पाना धरायला इथे कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली पाना धरण्याला, आणि ती रास्त आहे.

‘हाताखाली’ या शब्दातच इथल्या शिक्षणाची जुनी पद्धत सामावलेली आहे. मामा गवंडी असेल तर भाचा त्याच्या हाताखाली, चुलता वायरमन असेल तर पुतण्या त्याच्या हाताखाली. आधी सामान उचलायचे, मग माल कालवायचा, मग एखाद्या दिवशी मिस्त्री ओळंबा हातात देतो. ही पद्धत वाईट नाही. फुकट आहे, खऱ्या कामावर होते, आणि चूक झाली की तिथल्या तिथे शिवी मिळून दुरुस्त होते. पण तिचा कागद मिळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक अंदाज दिला आहे: भारतात १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले आहे, अमेरिकेत हे प्रमाण ५२ टक्के, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हे आकडे वाचून अनेकांनी देशात कौशल्यच नाही असा निष्कर्ष काढला. तो घाईचा आहे. मोजले गेले आहेत ते कागद. मामाच्या हाताखाली शिकलेला गवंडी त्या पाच टक्क्यांत नाही, पण त्याने बांधलेली घरे उभी आहेत.

मग कागद हवाच कशाला? कारखान्याच्या गेटवर त्याचे उत्तर मिळते. कागद नसलेला माणूस ठेकेदाराच्या यादीत ‘हेल्पर’ म्हणून जातो; त्याला व्हॉल्व्ह, पंप, कन्डेन्सर सगळे कळत असले तरीही. रासायनिक कारखान्यात बॉयलर चालवायचा असेल तर बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, आधी द्वितीय श्रेणीचे, मग प्रथम श्रेणीचे. घरांचे वायरिंग करायला वायरमनचा परवाना लागतो. कौशल्य आणि त्याचा दाखला यांच्यातले अंतर पगारात दिसते, आणि त्याहून जास्त म्हणजे अपघात झाल्यावर जबाबदार कोण या प्रश्नात दिसते.

हा दाखला शाळेतच मिळावा, ही कल्पना जुनी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला झालेल्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अपेक्षा धरली की वीस वर्षांत दहावीनंतरच्या निम्म्या मुलांनी व्यवसाय शिक्षणाकडे जावे. त्याच आयोगाने सुचवलेला ‘कार्यानुभव’ महाराष्ट्रातल्या शाळांत आला. तो ज्यांनी अनुभवला त्यांना फार सांगायला नको. कागदी फुले, खडू, फायली, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईने भरतकाम करून दिलेला रुमाल.

१९८६ च्या धोरणाने आकडा खाली आणला: १९९० पर्यंत दहा टक्के, १९९५ पर्यंत पंचवीस. १९९२ मध्ये त्याच टक्क्यांना नव्या तारखा मिळाल्या, १९९५ आणि २०००. २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे म्हटले. टक्के वरखाली होतात, तारखा पुढे सरकतात, आणि कर्जतच्या स्टँडवर उभे असलेले वडील तोच प्रश्न विचारतात.

तरीही मधल्या काळात महाराष्ट्राने दोन गंभीर प्रयोग केले. ते एकाच वयाच्या मुलांसाठी होते आणि एकमेकांशेजारी, पुष्कळदा एकाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात चालले.

पहिला एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यांवर आधारलेला अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम. तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. इंग्रजी, एक भारतीय भाषा, एक सामान्य पायाभूत विषय, आणि बाकी सगळा वेळ एकाच व्यवसायाचा: विद्युत तंत्रज्ञान, बांधकाम, मोटार दुरुस्ती, लेखा आणि कार्यालय, वैद्यकीय प्रयोगशाळा, बालसंगोपन, फळबाग. प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन प्रशिक्षणही त्यात होते. शिकाऊ उमेदवारी कायद्यात अशा मुलांसाठी वेगळी वर्गवारी केली गेली. कामाच्या बाजूने पाहिले तर हा अभ्यासक्रम चांगलाच विचारपूर्वक आखलेला होता. पण त्यात भौतिकशास्त्र, गणित यांना स्वतंत्र जागा नव्हती. बारावी झाल्यावर अभियांत्रिकीची पदवी किंवा बी.एस्सी. यांची वाट जवळजवळ बंद. हुशार मुलाला तिकडे पाठवायला पालक कचरले, मग कमी गुणांची मुले तिकडे गेली, मग ‘कमी गुणांच्या मुलांचा कोर्स’ असे नाव पडले. एकदा असे नाव पडले की कार्यशाळेत कितीही चांगली यंत्रे आणून ठेवा.

दुसरा प्रयोग द्विलक्षी अभ्यासक्रमाचा, ज्याला सगळे ‘बायफोकल’ म्हणतात. विज्ञान शाखेच्या मुलाने एक भाषा आणि एक विषय सोडून त्याऐवजी दोनशे गुणांचा तांत्रिक विषय घ्यायचा; इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत उपकरणांची देखभाल, संगणकशास्त्र, पीकशास्त्र. भौतिक, रसायन, गणित तसेच राहत, म्हणून पुढची वाट उघडी. परिणाम काय झाला? बायफोकलला प्रवेश मिळवण्यासाठी रांगा लागल्या, पण रेडिओ दुरुस्त करायला शिकावे म्हणून फार थोडे आले. दोनशेपैकी भरघोस गुण मिळतात आणि जीवशास्त्र सुटते, हे खरे आकर्षण. बारावीनंतर त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर कामाला लागलेला माणूस शोधून काढावा लागेल.

एका अभ्यासक्रमात कौशल्य होते आणि वाट नव्हती. दुसऱ्यात वाट होती आणि कौशल्य नावापुरते. पालकांनी दोन्हींचा हिशेब बरोबर केला. ज्याने पुढे जाता येते ते त्यांनी निवडले. यात तिटकारा कुठे आला?

आता आयटीआय. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासूनची. महाराष्ट्रात तालुक्यागणिक एक शासकीय आयटीआय हे धोरण आहे. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, दहावीनंतर. वेल्डर एक वर्षाचा, आठवी पास मुलालाही घेता येणारा. रसायनीच्या आणि पाताळगंगेच्या कारखान्यांना लागणारा ट्रेड म्हणजे ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’. इथल्या मुलांच्या तोंडी तो ‘एओसीपी’. पंप कसा प्राइम करायचा, ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात तापमान कुठे किती असते, पाइपलाइनचा नकाशा कसा वाचायचा, हे त्यात शिकवतात.

फिटरच्या पहिल्या महिन्यांचे वर्णन करायला हवे, कारण ते बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. मुलाला एक लोखंडी तुकडा आणि कानस देतात. तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. दिवसच्या दिवस घासायचा. मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. कडेखालून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. कारखान्यात हे काम मशीन मिनिटांत करते, मग याला का राबवता, असे पालकच विचारतात. पण मिलिमीटरच्या दशांशाची जाणीव हातात उतरवायला दुसरा रस्ता नाही. ज्याने हे केले त्याला पुढे व्हर्निअरवरचा आकडा चुकीचा असला तर वाचण्याआधीच शंका येते. शाळेतल्या भूमितीत काटकोन नव्वद अंशांचा असतो एवढे पाठ होते. तो करायला किती घाम लागतो हे इथे कळते. माझ्या मते ही दहावीच्या आधी सगळ्यांनीच, डॉक्टर होणाऱ्यांनीही, करायची गोष्ट आहे.

‘ह्याच्यापुढं काय?’ याचे उत्तर आयटीआयपाशी आज बरेच चांगले आहे, आणि ते पालकांना कोणी नीट सांगत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात. हिशेब मांडा: आयटीआयची दोन, पदविकेची उरलेली दोन, पदवीची उरलेली तीन, एकूण सात वर्षे. अकरावी-बारावी करून सरळ पदवीला गेलेल्याला सहा. फरक एका वर्षाचा. आणि या सात वर्षांत मुलगा मध्येच थांबला, बाप आजारी पडला, पैसे संपले, तरी त्याच्या हातात ट्रेडचे प्रमाणपत्र किंवा पदविका आहे. बारावी सायन्स नापास झालेल्याच्या हातात काय असते? पेणला शासकीय पॉलिटेक्निक आहे, कर्जतलाच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिन्ही रायगड जिल्ह्यातच.

या हिशेबात एक खोट आहे ती सांगितली पाहिजे. आयटीआयचा मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाऊन बसतो, तेव्हा पहिल्या वर्षाचे गणित आणि विज्ञान त्याने केलेलेच नसते. आयटीआयत ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ असते, पण ते क्षेत्रफळ, वजन, वेग यांपुरते. वर्गात पहिल्या दिवशी कॅल्क्युलस सुरू होते आणि कानशीने काटकोन साधणारा मुलगा मागच्या बाकावर गप्प होतो. नियमाने दिलेला प्रवेश आणि टिकून राहण्याची तयारी या वेगळ्या गोष्टी आहेत. मधली फट भरायला दोन-तीन महिन्यांचा गणिताचा पक्का वर्ग लागतो, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी मुलाच्या नशिबावर सोडलेला असतो.

स्वित्झर्लंडने ही फट ओळखली. तिथे शाळा संपल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुले शिकाऊ उमेदवारीकडे जातात: आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात किंवा बँकेत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत. १९९० च्या दशकात त्यांनी यालाच एक जादा पात्रता जोडली. उमेदवारीबरोबर किंवा ती संपल्यावर भाषा, गणित आणि संबंधित शास्त्रे यांचा पुढचा अभ्यास पुरा करायचा. तो झाला की उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठात प्रवेश परीक्षेशिवाय जाता येते. तिथल्या मध्यमवर्गाने मुलांना उमेदवारीला पाठवणे सोडले नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. लाकूडकाम शिकणारा मुलगा वास्तुशास्त्राकडे जाऊ शकतो हे शेजाऱ्याच्या घरात दिसते, मग उपदेशाची गरज उरत नाही.

आपल्याकडे याच दिशेने विचार करणारा माणूस पुणे जिल्ह्यात होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केले आणि १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मुद्दा सरळ होता: व्यवसाय शिक्षण हे मागे पडलेल्या मुलांसाठी नाही, हाताने केल्याशिवाय कोणाचेच शिक्षण पुरे होत नाही. त्यांनी आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा केला आणि राज्य मंडळाने त्याला शालान्त परीक्षेचा विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस त्याचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन. एकच व्यवसाय पंधराव्या वर्षी गळ्यात घालायचा नाही. सगळ्याला हात लावून पाहायचा. मुले गावाला खऱ्या सेवा देतात: बाक जोडणे, वायरिंग, माती परीक्षण, हिमोग्लोबिनची तपासणी. प्रत्येक कामाचा खर्च काढून लिहायचा, साहित्य किती, मजुरी किती. शिकवणारे निदेशक त्या त्या कामातले जाणकार, बी.एड. झालेले असायलाच हवेत असे नाही. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांच्या कल्पनेतूनच पुढे ‘मल्टी स्किल’ हा विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात आला आणि नववी-दहावीच्या शाळांत पोहोचला.

कर्जतला ही पद्धत कशी बसेल हे पाहायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकरची वाट पाहतात. छपरावरचे पाणी धरणे, फेरोसिमेंटची टाकी बांधणे, हातपंपाचा वायसर बदलणे, हे पाथरज किंवा कळंबच्या आश्रमशाळेतल्या मुलांना प्रयोगशाळेत नेऊन शिकवावे लागणार नाही. शाळेच्या आवारातच करता येईल. दुसरीकडे नेरळपासून चौकपर्यंत फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढले आहेत. जमीन विकलेल्या घरातला मुलगा पुष्कळदा त्याच जमिनीवर केअरटेकर म्हणून राहतो. पोहण्याच्या तलावाची गाळणी, सोलर, इन्व्हर्टर, एसी यांचा मेकॅनिक मात्र पनवेल-कल्याणहून येतो आणि एका फेरीत केअरटेकरच्या आठवड्याच्या कमाईएवढे घेऊन जातो. हे काम शिकायला दोन वर्षेही लागत नाहीत.

वर्षाच्या वेळापत्रकाचा प्रश्न मात्र अवघड आहे. कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आपले अभ्यासक्रम पावसाळ्यात सुरू होतात आणि त्यांचा मुख्य भाग नेमका भट्टीच्या हंगामात येतो. वसतिगृह असेल तर मूल मागे राहते, नसेल तर जाते. परत आल्यावर जाण्याआधी शिकलेल्या चार महिन्यांचे काय, याचे उत्तर आजवर ‘पुन्हा पहिल्यापासून’ असेच होते. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक असे गणित आहे, म्हणजे तीस तासांना एक श्रेयांक, आणि मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवता येतात. कागदावर ही सोय कातकरी मुलासाठीच केल्यासारखी आहे. ती शहरातल्या महाविद्यालयांतच अडकून न पडता भालिवडीच्या आश्रमशाळेपर्यंत आली, तर जुलै ते ऑक्टोबर शिकलेले वेल्डिंग पुढच्या जुलैत तिथूनच पुढे नेता येईल.

राहता राहिले दोन व्यावहारिक मुद्दे, जे प्रवेशाच्या वेळी विचारायचे असतात. पहिला उमेदवारीचा. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला कायद्याने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांत ट्रेडचे प्रमाणपत्र असलेल्याला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरले, पदविकावाल्याला ८,०००. खोपोली-पाताळगंगा पट्ट्यातल्या आयटीआयत प्रवेश घेताना इमारतीकडे पाहू नये. गेल्या वर्षीची मुले कुठल्या गेटमधून उमेदवार म्हणून आत गेली आणि कुठल्या गेटमधून ठेकेदाराचे हेल्पर म्हणून, ते विचारावे.

दुसरा मुद्दा दोन भाषांच्या पेपरांचा. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला दहावीची, आणि दहावीनंतर केलेल्याला बारावीची समकक्षता महाराष्ट्रात मिळते. त्यासाठी राज्य मंडळाचे भाषांचे दोन पेपर तेवढे उत्तीर्ण व्हावे लागतात. बी.ए., बी.कॉम., पोलीस भरती, बारावी मागणारी कुठलीही जाहिरात, सगळे त्या दोन पेपरांपाशी अडते. तरी कितीतरी मुले ते देत नाहीत, कारण वर्कशॉपच्या गडबडीत अर्जाची तारीख निघून जाते. तो अर्ज पहिल्याच वर्षी, प्रवेशाच्या कागदांबरोबर निदेशकांनी भरून घ्यावा.